आधी प्रेक्षक, मग सिनेमा

गोव्यात भरणाऱ्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवानं, म्हणजे इफ्फीनं, २०२३ मध्ये वेबमालिकांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. पहिल्या वर्षी तो ‘पंचायत’च्या दुसऱ्या पर्वाला मिळाला, २०२४ मध्ये ‘लंपन’ या मराठी मालिकेला. ‘पंचायत’ बनवणारी टीव्हीएफ या निर्मितीसंस्थेची मंडळी इंटरनेटवर विनोदी व्हिडिओ टाकत पुढे आलेली. प्रकाश नारायण संतांच्या कथांवरून ‘लंपन’ दिग्दर्शित करणारे निपुण धर्माधिकारी मूळचे नाटकातले. पण २०१६ मध्ये अमेय वाघ यांच्यासोबत त्यांनी यूट्यूबवर ‘कास्टिंग काउच’ सुरू केलं, तेव्हा मराठीत वेबमालिका हा प्रकारच नवा होता. नंतर त्यांनी ‘बापजन्म’ केला, ‘मी वसंतराव’ केला. नाटक, यूट्यूब, चित्रपट, ओटीटी अशी ये-जा करणारी ही पिढी आता चित्रपटसृष्टीच्या उंबऱ्याबाहेर उभी नाही. ती आत आली आहे, आणि घरातली मांडणी बदलते आहे.

ही मांडणी सुधारते आहे की मोडते आहे, यावर आमच्या घरात कायम वाद असतो. माझे वडील, आप्पा, यांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात उभं आयुष्य मराठी चित्रपटांचं वितरण केलं. माझी पुतणी, घरातली मनू, साताऱ्याकडच्या एका गावात चालणाऱ्या यूट्यूब मालिकेसाठी लिहिते आणि संकलनही करते. दोघांना सिनेमाचं वेड सारखंच आहे, पण एकमेकांचं म्हणणं पटत नाही. शेवटी मी दोघांना म्हटलं, एकदा नीट बसून भांडा, मी लिहून घेतो. राहवलं नाही तिथे मीही मध्ये बोललो आहे.

आप्पा : माझं म्हणणं सरळ आहे. सिनेमाचा धंदा निवडीवर उभा होता. कचेरीत निर्माते यायचे. कुणी जमीन विकलेली, कुणी बायकोचे दागिने गहाण टाकलेले. मी विचारायचो, नट कोण, गाणी कुणाची, जत्रेच्या हंगामात चालेल का, बायका येतील का. दहांतल्या एखाद्याला हो म्हणायचो. ती जबाबदारी होती, कारण चालला नाही तर थिएटरवाल्याला तोंड मी दाखवायचो. आता कुणी कुणाला अडवत नाही. फोन हातात आला की माणूस दिग्दर्शक होतो.

मनू : निवड अजूनही होते आप्पा, फक्त ती तुमच्या कचेरीत होत नाही. आमचे सुरुवातीचे भाग कुणी बघितले नाहीत. मग विहिरीच्या पाळीवरून दोन भावांत लागलेलं भांडण आम्ही दाखवलं आणि तो भाग एकदम पसरला. मुंबईत माथाडी काम करणारे आमच्याकडचे लोक, दुबईत नोकरीला गेलेली पोरं, पुण्यातल्या कंपन्यांतले, सगळे लिहायला लागले. तेव्हा आम्हाला कळलं आपला प्रेक्षक कोण. तुमच्याकडे आधी चित्रपट तयार व्हायचा, सगळे पैसे अडकायचे आणि प्रेक्षक आहे की नाही ते शुक्रवारी कळायचं. आमच्याकडे प्रेक्षक आधी येतो. खरा बदल हा आहे. कॅमेरा स्वस्त झाला ही त्यातली लहान गोष्ट.

आप्पा : प्रेक्षक आधी येतो म्हणजे तो फुकट येतो.

मनू : हो, फुकट येतो. पण दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा आधी फुकटच दाखवलं होतं ना? वाटाण्याचा कोंब कसा वाढतो ते एकेक चित्र घेत त्यांनी कॅमेऱ्यात धरलं, तो छोटासा चित्रपट ओळखीच्यांना दाखवला, आणि ते बघून भांडवल मिळालं. त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. घराच्या स्वयंपाकघरात फिल्म धुतली जायची. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. एका घरात बसून सगळं करणारी माणसं ती. आज आम्ही घरातून काम करतो म्हटल्यावर हौशी कसे ठरतो?

आप्पा : फाळक्यांचं नाव घेतेस तर पुढचंही सांग. १९१८ साली त्यांनी भागीदार घेऊन नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली. पगारी माणसं ठेवली, काम शिकवलं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा बनवला, पण तिथेच थांबले नाहीत. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी वर्षानुवर्षं पडेल ते काम केलं. सेट रंगवले, कॅमेरा उचलला, छोट्या भूमिका केल्या. मग १९२९ मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ काढली. दामले-फत्तेलालांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला, तो असा आठ दिवसांत आभाळातून पडला नाही. तुझ्याकडे उस्ताद कोण?

मनू : खरं सांगू? आमच्याकडे उस्ताद नाही. आम्ही एकमेकांकडून शिकलो आणि प्रेक्षकांच्या शिव्यांतून शिकलो.

इथे मला एक उदाहरण द्यावंसं वाटलं, कारण ते दोघांच्याही बाजूनं बोलतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे डॅनी आणि मायकल फिलिपू हे जुळे भाऊ ‘रॅकारॅका’ या यूट्यूब चॅनेलवर मारामारीचे आणि भयाचे धसमुसळे व्हिडिओ टाकायचे. त्यांनी केलेला ‘टॉक टू मी’ हा पहिला चित्रपट जानेवारी २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि ‘ए ट्वेंटीफोर’ या अमेरिकी कंपनीनं तो विकत घेतला. सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटानं जगभरात ९ कोटी डॉलरहून अधिक कमावले. एवढं सगळे सांगतात. सहसा सांगितलं जात नाही ते असं, की त्याआधी ‘द बाबाडूक’ या ऑस्ट्रेलियन भयपटाच्या सेटवर दोघांनी कामगार म्हणून काम केलं होतं, आणि ज्या निर्मितीसंस्थेनं ‘बाबाडूक’ केला तिनंच पुढे ‘टॉक टू मी’ केला. चॅनेलनं त्यांना धाडस दिलं, वेग दिला. चित्रपटाचा सेट कसा चालतो हे त्यांना सेटवरच कळलं.

आप्पा : ऐकलंस?

मनू : ऐकलं. पण आप्पा, त्या भावांना सेटवर घेणारं कुणीतरी होतं. माझ्यासारख्या मुलीला साताऱ्यातून उठून मुंबईत सहायक दिग्दर्शक व्हायचं तर आधी अंधेरीतलं खोलीभाडं परवडलं पाहिजे. पहिली एकदोन वर्षं पैसे मिळतीलच असं नाही. तुमची शिकण्याची परंपरा चांगलीच होती, पण तिचं दार घरून पैसे येणाऱ्यांसाठी उघडं राहिलं. यूट्यूबनं मला पहिला पगार गावात दिला.

आप्पा यावर काही वेळ बोलले नाहीत. मलाही तिचा हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो. मराठी चित्रपटातलं गाव बराच काळ गावाबाहेरच्या लोकांनी लिहिलं. त्यांतले काही फार मोठे लेखक होते, पण बहुतेकांना गाव म्हणजे पाटील, तमाशाचा फड आणि ‘व्हय-न्हाय’ची ठोकळेबाज बोली एवढंच ठाऊक होतं. ‘गावाकडच्या गोष्टी’सारखी साताऱ्याकडची मालिका किंवा बारामतीच्या बाजूची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ पाहताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की ही माणसं बोली वठवत नाहीत. ती त्यांची रोजचीच आहे.

मनू : आणि चुकलं तर लोक सोडत नाहीत. एका भागात मी माणदेशातल्या म्हातारीच्या तोंडी कृष्णाकाठचा शब्द घातला. दहिवडीच्या माणसानं लगेच खाली लिहिलं, आमच्याकडं असं कोणी म्हणत नाही. पुढच्या भागापासून मी त्या म्हातारीचे संवाद आधी तिकडच्या एका आजींना वाचून दाखवायला लागले. तुमच्या थिएटरात बसलेला माणूस लेखकाला हे सांगू शकत होता का?

आप्पा : सांगायचा की. तिकीट न काढून सांगायचा. आणि तू ज्याला ठोकळेबाज म्हणतेस, त्यातला ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. लोक वेडे नव्हते. गावची भाषा पडद्यावर यायला यूट्यूब लागत नाही हेही ध्यानात ठेव. २०१६ चा ‘सैराट’ घे. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातले, रिंकू राजगुरू अकलूजची. त्यात कोणती बोली उसनी होती? महाराष्ट्रातली थिएटरं भरभरून वाहत होती. तो काही सहा इंचाच्या पडद्यासाठी केलेला नव्हता.

मनू : ‘सैराट’ माझाही आवडता आहे. पण एका नागराज मंजुळेंसाठी किती वर्षं वाट बघायची? ‘पिस्तुल्या’ हा लघुपट करून राष्ट्रीय पुरस्कार घेतल्यावरही ‘फँड्री’पर्यंत पोचायला त्यांना वर्षं लागली. तेवढी वाट बघताना किती जणांनी नाद सोडला असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

आप्पा : ठीक. मग कारागिरीवर ये. दोन तास माणसाला खुर्चीत बसवणं ही वेगळी विद्या आहे. पहिली वीस मिनिटं काही न घडता नुसतं वातावरण उभं राहिलेले चित्रपट मी चालवलेत. मध्यंतराला लोक चहा घेताना काय बोलतात ते मी ऐकायचो. तुमच्या व्हिडिओत पहिल्या दहा सेकंदांत कुणीतरी ओरडतं किंवा पडतं.

मनू : कारण यूट्यूब आम्हाला आलेख दाखवतं. कितव्या सेकंदाला किती लोक बघत होते, कुठे निघून गेले, सगळं. शांत प्रसंग आला की रेघ खाली येते. एका भागात आई मुलाला स्टँडवर सोडायला येते आणि एसटी निघेपर्यंत दोघं काहीच बोलत नाहीत, असा प्रसंग मी लिहिला होता. रेघ तिथेच घसरली. पुढच्या भागात दिग्दर्शक म्हणाला, असले प्रसंग अर्धे कर. मी केले. आणि मला ते आवडलं नाही.

आप्पा : तो आईचा भाग मी बघितलाय. तोच तुझा सगळ्यांत चांगला होता.

मनू : म्हणून मला चित्रपट करायचाय, आप्पा. रेघ न बघता.

माझ्या मते या सगळ्या बदलातला सर्वांत मोठा धोका इथे आहे. आलेख बघून लिहायची सवय फक्त व्हिडिओवाल्यांपुरती राहत नाही. चित्रपटांच्या पटकथाही आता ‘कंटाळा कुठे येईल’ या भीतीपोटी लिहिल्या जातात, ओटीटीवर पहिल्याच दृश्यात खून पडतो, गाणं रीलवर चालेल अशा बेतानं बांधलं जातं. प्रेक्षकाला ओळखणं आणि प्रेक्षकाला घाबरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनूच्या पिढीनं पहिली गोष्ट फार मोलाची मिळवली आहे. दुसरीपासून तिला कुणीतरी वाचवलं पाहिजे, आणि आप्पांच्या पिढीकडे ते सांगण्याचा अधिकार आहे.

पैशाचा विषय निघाला तेव्हा मात्र आप्पांचा आवाज चढला.

आप्पा : तुझा वाटा किती?

मनू : मोठ्या व्हिडिओवर येणाऱ्या जाहिरातीच्या पैशातले ५५ टक्के चॅनेलला, बाकी यूट्यूबला. शॉर्ट्सचा हिशेब २०२३ पासून वेगळा, तिथे ४५ टक्के.

आप्पा : हे टक्के कुणी ठरवले?

मनू : त्यांनीच.

आप्पा : तुमच्याशी बोलले?

मनू : नाही.

आप्पा : आता ऐक. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं वाटणीवरून वाजलं. दोन महिने नवे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला लागले नाहीत. मग बसून ठरलं, पहिल्या आठवड्यात पन्नास टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. आवडो न आवडो, भांडून ठरलं. थिएटरवाल्यानं गल्ला लपवला तर मी माझा माणूस तिकीटखिडकीशी बसवायचो, फाडलेल्या तिकिटांची अर्धुकं मोजायला. तू कुणाची अर्धुकी मोजणार? तुझा व्हिडिओ कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही हे रोज कोण ठरवतं, त्याचं नाव तरी ठाऊक आहे का तुला? मधला माणूस गेला म्हणता. गेला नाही. तो इतका मोठा झालाय की दिसत नाही.

मनू : हे मी नाकारत नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. आमच्या भागातल्या ज्या पोरापोरींना लोक नावानं ओळखायला लागले होते, त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. प्रेक्षक गेला, कामं गेली, जुने व्हिडिओसुद्धा गेले. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. पण आपलं दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं. म्हणून तर जो तो आता चित्रपट, मालिका, स्टेज शो, काहीतरी स्वतःचं शोधतो.

आप्पा : आणि चित्रपटवाले तुम्हाला बोलावतात ते कशासाठी?

मनू : तेच तर दुखणं आहे. मागे एका निर्मात्यानं मला बोलावलं. वाटलं, पटकथेबद्दल बोलतील. तर म्हणाले, तुमच्या चॅनेलच्या मंडळींना दोन प्रसंगांत घेऊ, प्रदर्शनाआधी चार रील्स टाका. लिहिण्याचं मी विचारलं तर हसले. त्यांना आमचे फॉलोअर हवे होते, आमचं काम नको होतं.

हा अनुभव एकट्या मनूचा नाही. भूमिका देताना फॉलोअर मोजण्याची पद्धत आता उघडपणे रुळली आहे, आणि तिच्यामुळे दोन्हीकडचं नुकसान होतं. नाट्यशाळेत घासून तयार झालेला नट मागे पडतो, आणि व्हिडिओतून आलेली व्यक्ती तिच्या खऱ्या कौशल्यासाठी न ओळखता जाहिरातीचा फलक म्हणून उभी केली जाते. ठाण्याच्या प्राजक्ता कोळीनं २०१५ पासून ‘मोस्टलीसेन’ या यूट्यूब चॅनेलवर आई, बाबा, मैत्रीण अशी सगळी पात्रं एकटीनं लिहिली आणि केली. तिच्या वाट्याला ‘मिसमॅच्ड’सारखी मालिका आली, ‘जुग जुग जीयो’ हा चित्रपट आला, ते या लेखन-अभिनयाच्या रियाजामुळे. आकडा त्या कामाच्या मागून आला. तो आधी मोजला की सगळंच उलटं होतं.

आप्पा : आकड्याचं मला विचार. फॉलोअर म्हणजे तिकीट नव्हे. घरी फुकट बघणारा माणूस रिक्षाचं भाडं देऊन, पार्किंग देऊन, मुलाबाळांना घेऊन थिएटरला येईल याची काय खात्री? चाहता शुक्रवारी येतो. सोमवारी कोण येतं ते बघायचं असतं.

मनू : पण येतातही. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेत ‘आयर्न लंग’ लागला. मार्क फिशबाख, ज्याला सगळे ‘मार्किप्लायर’ म्हणून ओळखतात, तो कित्येक वर्षं व्हिडिओ गेम खेळून दाखवणारा यूट्यूबर. चित्रपट त्यानं स्वतः लिहिला, दिग्दर्शित केला, त्यात काम केलं, खिशातले सुमारे ३० लाख डॉलर घातले, आणि मोठ्या स्टुडिओच्या वितरणाशिवाय लावला. प्रेक्षकांनी आपापल्या गावातल्या थिएटरांकडे मागणी करून खेळ वाढवून घेतले. पहिल्या तीन दिवसांतच खर्चाच्या कितीतरी पट गल्ला जमला.

आप्पा : प्रेक्षकांनी थिएटरवाल्याला सांगितलं, लावा म्हणून?

मनू : हो.

आप्पा : हे मला नवीन आहे. आमच्याकडे २०१५ मध्ये सरकारला सांगावं लागलं, की मल्टिप्लेक्सनं प्राइम टाइमला मराठी चित्रपट लावले पाहिजेत. तरी सकाळचे खेळ मिळतात म्हणून निर्माते रडतातच. प्रेक्षकच आधी हजर असेल तर थिएटरवाला नाही म्हणणार नाही. पण एक सांगतो. ‘बाईपण भारी देवा’ला २०२३ मध्ये बायका गटागटानं आल्या, नऊवारी नेसून आल्या, त्या कुणाच्या फॉलोअर नव्हत्या. चित्रपटात त्यांना त्यांचं काहीतरी दिसलं होतं.

मनू : आणि त्यांनी थिएटरच्या दारात नाचून काढलेले व्हिडिओ बघून पुढच्या गटानं तिकिटं काढली! ते व्हिडिओ काही निर्मात्यानं करून घेतले नव्हते.

आप्पा : बरं, ते मान्य. आता शेवटचं विचारतो. तुझ्या मालिकेत ती पारावरची म्हातारी काम करते. तिला काय मिळतं?

मनू : सुरुवातीला काहीच मिळत नव्हतं. कुणालाच नव्हतं. आता भागामागे ठरलेली रक्कम देतो.

आप्पा : कागदावर आहे?

मनू : नाही.

आप्पा : उद्या तुमचं चॅनेल कुणी विकत घेतलं, तिचा चेहरा पाच वर्षांनी जाहिरातीत वापरला, तर तिनं कुणाकडे जायचं? आमच्या धंद्यात लबाड्या पुष्कळ होत्या. पण लाइटमनची शिफ्ट ठरलेली असायची, जादा वेळेचे पैसे असायचे, संघटना होती. चित्रपटाच्या शेवटी स्पॉटबॉयचंसुद्धा नाव यायचं. तुमच्यात तो कॅमेरा धरणारा पोरगा आहे, त्याचं नाव मी एकदाही बघितलं नाही.

मनू : ते खाली वर्णनात असतं.

आप्पा : तिथे कोण वाचतं?

मनूनं यावर वाद घातला नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मला इथे आप्पांची बाजू पूर्णपणे घ्यायची आहे. ऑनलाइन व्हिडिओनं दार उघडलं म्हणून आत आलेल्यांची मजुरी, हक्क आणि नाव यांचा प्रश्न सुटत नाही. गावातल्या मालिकांत घरदार, शेजारी, मित्र मिळून काम करतात. त्या आपलेपणावरच त्यांची गोडी आहे आणि त्याच आपलेपणाआड हिशेब राहून जातो. ‘प्रभात’चे चित्रपट आज शंभरीकडे निघाले तरी त्यांत कुणी काय काम केलं हे आपण सांगू शकतो, कारण नावं लिहून ठेवली गेली. मोबाइलवर चित्रित झालेल्या या कामालाही तो मान हवा.

पुढे बोलणं मनूच्या चित्रपटाकडे वळलं. तिच्या मंडळींना मालिकेतल्या त्या आई-मुलावर दोन तासांची गोष्ट करायची आहे. आप्पांनी आधी साफ सांगितलं, मालिकेचे भाग एकमेकांना शिवून चित्रपट होत नाही.

मनू : शिवायचे नाहीतच. मुलगा मुंबईहून कायमचा परत येतो तिथून गोष्ट सुरू होते. सगळं नवीन.

आप्पा : लिहायला वेळ किती घेणार?

मनू : वर्ष.

आप्पा : घे. तोवर मालिका बंद करू नकोस, पोट त्यावर आहे. हक्क कुणाला देऊन टाकू नकोस. ओटीटीवाले एकरकमी मागतील, मोह होईल. आधी आपल्या जिल्ह्यातली थिएटरं धर. सातारा, कराड, वाई, फलटण. भाड्यानं घेऊ नकोस, टक्क्यावर बोल. बघणारे कुठल्या तालुक्यातले आहेत हे तुझ्या त्या यूट्यूबवर कळतं का?

मनू : शहरं कळतात.

आप्पा : मला तेवढं कधी कळलं नाही. ती यादी काढ. थिएटरवाल्यांशी मी बोलतो.

मराठी निर्मात्यांकडे माझी मागणी साधी आहे. व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींना बोलावाल तेव्हा फॉलोअर विचारण्याआधी त्यांच्याकडून पटकथा मागा, तिचे पैसे करार करून द्या आणि त्यांचं नाव पडद्यावर लेखक म्हणून घाला. ज्या गावांची भाषा आपल्या चित्रपटांना कधी नीट ऐकू आली नाही, ती त्यांच्याकडे आहे. चॅनेल चालवणाऱ्यांनो, तुमच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाशी, मग ती सख्खी आजी का असेना, एक पानाचा कागद करा. आणि वाचकहो, वर्षानुवर्षं तुम्ही फोनवर फुकट पाहिलेली ही मंडळी एखाद्या शुक्रवारी तुमच्या गावच्या थिएटरात चित्रपट घेऊन आली, तर तिकीट काढून जा, आणि पहिल्याच आठवड्यात जा. मराठी चित्रपटाचे खेळ दुसऱ्या आठवड्यात राहणार की उतरणार, हे पहिल्या सोमवारपर्यंत ठरून गेलेलं असतं.